बसण्णाची ढोली

बसण्णाच्या दारावर थाप मारली की आतून पहिला प्रश्न यायचा, "यारु?" कोण आहे, असं तो कानडीत विचारायचा. "मी, मास्तर," असं सांगितलं की दुसरा प्रश्न मराठीत यायचा, "एकटेच हाय न्हवं?" एकटाच आहे म्हटलं तरी दार लगेच उघडत नसे. फटीतून एक डोळा आधी मला आणि मग माझ्या पाठीमागच्या जिन्याला पाहून घ्यायचा. मग कडी निघायची, मग आतला अडसर, आणि शेवटी बसण्णा दारात अशा बेतानं उभा राहायचा की त्याच्या खांद्यावरून खोलीतलं काही म्हणून काही दिसू नये.

सोलापूरच्या साखर पेठेतल्या चाळीत मी सहा वर्षं त्याच्या समोरच्या खोलीत राहिलो. मी एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो, तो एका कापड गिरणीत साचे, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा फिटर होता. गाव मैंदर्गीच्या पुढं, भीमेच्या काठावर. वय पन्नाशीच्या आसपास. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. अंगानं उंच, वाळका, आणि मान कायम थोडी डावीकडे कललेली, जणू कुणीतरी मागून येतंय आणि त्याला ते आधीच कळलंय.

त्याचं कौतुक करायची सोय नव्हती. "बसण्णा, आज शर्ट झकास आहे," असं म्हटलं की तो थबकायचा, माझ्या चेहऱ्याकडे नीट बघायचा आणि विचारायचा, "का?" चहाच्या टपरीवर ग्लास आपल्या डोळ्यांदेखत विसळला तरच हातात घ्यायचा. हत्यारांचं गाठोडं स्वतःच्याच एका खास गाठीनं बांधायचा आणि कामावरून आल्यावर ती गाठ आधी तपासायचा, मग हातपाय धुवायचा. कुठल्याही गोष्टीवर त्याचं मत विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आदी बघू, मग बोलू." आणि मग तो बघतच राहायचा. बोलण्याची पाळी सहसा यायचीच नाही.

शेजारच्या नरसम्मा विड्या वळता वळता म्हणायच्या, "मास्तर, ह्या माणसाला आपल्या सावलीवर बी भरोसा नाही बघा. उन्हात चालला की मागं वळून बघतोय."

त्याच्या या संशयाचं मूळ मला कळलं ते अगदी सहज. एकदा नळावर मी त्याच्या मागून येत होतो. पलीकडे नरसम्मा आणि त्यांची सून हसत काहीतरी बोलत होत्या. बसण्णाची नजर त्यांच्या ओठांवर खिळली होती. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "माज्याबद्दल काय म्हणत्यात?"

"तुमच्याबद्दल नाही. भाजी करपली म्हणताहेत."

त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मास्तर, तुमचा आवाज जाड हाय. तुमचं मला ऐकू येतं."

तीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात काढल्यावर त्याचे कान बारीक आवाजांना मिटून गेले होते. बायकांचं बोलणं, सायकलची घंटी, चिमण्या, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. जाड आवाज तेवढे पोचत, ट्रकचे, गडगडाटाचे, माझे. भोवताली दिवसभर तोंडं हलताना दिसायची, लोक हसायचे, त्याच्याकडे बघायचे, आणि काय चाललंय ते कळायचं नाही. अशा माणसानं काय समजायचं? पण ही गोष्ट त्यानं गिरणीत लपवली होती, चाळीत लपवली होती. बहिरा म्हटलं की लोक फसवतात, असं त्याचं म्हणणं. मला सांगितलं आणि लगेच बजावलं, "कुणाला बोलू नका. मी ध्यान ठेवणार हाय."

त्यातच आणीबाणी लागली. चाळीत कुणी राजकारणातलं नव्हतं, तरी लोक हलक्या आवाजात बोलायला लागले. कुणीतरी गेल्या महिन्यापासून दिसत नाही, कुणाला कुठून तरी उचललं, अशा बातम्या नावाशिवाय फिरत. नेमक्या त्याच दिवसांत बसण्णाच्या खोलीत रिळांचा टेपरेकॉर्डर आहे ही गोष्ट फुटली. नरसम्मांच्या नातवानं दाराच्या फटीतून दोन चाकं फिरताना पाहिली. झालं. चाळीच्या गॅलरीत त्याच्या दारासमोरून जाताना लोक गप्प व्हायला लागले. कुणी म्हणालं तो आपलं बोलणं धरून ठेवतो, कुणी म्हणालं वर पोचवतो. आणि लोक गप्प होताहेत हे पाहून बसण्णाची खात्रीच पटली की सगळे मिळून त्याच्याविरुद्ध काहीतरी शिजवताहेत. त्यानं दाराच्या फटीला आतून रबर ठोकलं.

मग खोलीत सामान यायला लागलं. चहाची रिकामी खोकी, मोडक्या हातमागाचे सागवानी तुकडे, गिरणीत कापड गुंडाळतात ती पुठ्ठ्याची जाड नळी, फाटक्या चादरी, पिंजलेल्या कापसाचा कचरा, डांबर, सुतळी, ट्रकची जुनी ट्यूब. एका टॉकीजनं जुनी यंत्रं भंगारात काढली होती, तिथून कापडात गुंडाळून त्यानं परातीएवढं काहीतरी आणलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी आतून करवतीचा आवाज यायचा. मग एका दुपारी खोलीतून एकच 'धम्म' असा आवाज आला आणि नरसम्मांच्या फडताळातली पितळी भांडी एकमेकांवर आपटली. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "मास्तर, आत काय मोठी पेटी हाय म्हणं, मढ्याएवढी. तुम्ही शिकलेले. जरा विचारा की."

मी विचारायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येत होतो, तर बसण्णा जिन्याखाली उभा. आजूबाजूला पाहून घेत तो म्हणाला, "मास्तर, जाड आवाज पाण्यावरनं किती लांब जातो?"

"कशासाठी?"

"आदी सांगा."

मी जे पुस्तकात होतं ते सांगितलं. तो मान हलवून निघून गेला. मला मात्र चैन पडेना. पाणी, आवाज, पेटी, टेप यांचा मेळ कसा घालायचा? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी ही गोष्ट सांगितली. गंमत म्हणून सांगितली असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं तर मलाही त्याचा संशय आला होता, आणि तो चार जणांत वाटून घ्यावासा वाटला होता.

दहा-बारा दिवसांनी पोलीस आले. एक हवालदार, दोन शिपाई. बसण्णाची पेटी, टेपरेकॉर्डर आणि त्याला स्वतःला घेऊन चौकीवर गेले. "यातलं शास्त्र कळणारं कुणी आहे का?" असं हवालदारानं विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणून मीही गेलो.

चौकीवर पेटी उघडली. मी ती तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. खोक्यांच्या दोन-दोन फळ्या, मधे सरस लावून दाबलेली चादर. कोपरे मागाच्या सागवानाचे. सांधे सुतळी आणि डांबरानं बुजवलेले, होडीचे बुजवतात तसे. आत कापूस. टॉकीजच्या स्पीकरचा फाटलेला पडदा त्यानं मलमलीचे तुकडे चिकटवून सांधला होता आणि पाण्यानं भिजू नये म्हणून वरून लाखेचा हात दिला होता. त्याच्यासमोर जाळी म्हणून मागाची जुनी फणी बसवली होती. पुठ्ठ्याची नळी आतल्या आवाजाला बाहेर यायला वाट म्हणून.

"हे काय आहे?" हवालदारानं विचारलं.

"ढोली," बसण्णा म्हणाला. "जाड आवाजाची. नावेवर ठेवायला."

"सोलापुरात नाव?"

"गावाकडं. भीमेत."

हवालदारानं खिशातून एक निनावी अर्ज काढला आणि मोठ्यानं वाचला. चार-पाच ओळी होत्या. त्यात एक ओळ अशी होती, 'सदर इसम जाड आवाज पाण्यावरून किती लांब जातो याची चौकशी करीत असतो.'

हे मी शिक्षकांच्या खोलीत बोललो होतो. बसण्णानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो टेपरेकॉर्डरकडे बघत होता, कारण शिपायानं रीळ लावायला घेतलं होतं. "ताण देऊ नका," तो म्हणाला, "एवढं एकच हाय."

चाकं फिरली आणि नगारा वाजायला लागला. एकटा नगारा, मागे पाण्याचा आणि माणसांचा गलका. हवालदाराला वाटलं पुढे काहीतरी बोलणं असणार. म्हणून त्यानं ते सगळं रीळ ऐकलं आणि आम्हालाही ऐकायला बसवलं. अर्धा तास नुसता नगारा. शेवटाकडे शिपायानं घाईनं बटण दाबलं आणि फीत तुटली. बसण्णाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी विसरलो नाही. त्याला टोकं जुळवता येईनात. मी ब्लेडनं दोन्ही टोकं कापून चिकटपट्टीनं सांधली. थोडीशी फीत वाया गेली. हवालदारानं "जा घेऊन" म्हणून हात झटकले.

टांग्यातून येताना मी सांगून टाकायला हवं होतं की ती ओळ माझ्या तोंडून बाहेर गेली. मी पेटी सावरत राहिलो. बसण्णाच शेवटी म्हणाला, "रविवारी गावाला येताव का? देवाचा तेप्पा हाय."

"मी कशाला?"

"तुमी माज्या नजरंसमोर बरे."

तेप्पा म्हणजे देवाचं नावेतून निघणं, हे मला वाटेत कळलं. पेटी एसटीच्या टपावर, आम्ही आत. एरवी तोंड न उघडणारा बसण्णा अक्कलकोट सुटल्यावर बोलायला लागला. कार्तिकात देवाची पालखी दोन जोडलेल्या नावांवरून नदी ओलांडते, पुढच्या नावेत नगारा असतो. नगाऱ्याचा मान त्याच्या घराचा. थोरला भाऊ गुरप्पा चाळीस वर्षं वाजवत होता. दोन वर्षांपूर्वीच्या तेप्प्यानंतर त्याला लकवा झाला, उजवी बाजू गेली. गेल्या वर्षी नावेवर भोंगा लावला. "भोंगा नुसता किरकिरतो. नगारा त्यातनं निघतच न्हाय. मला तर काडीचं ऐकू आलं न्हाय. अण्णा म्हणाला, देव मुका गेला. तवापासनं त्यानं उंबरा वलांडला न्हाय."

"मग त्यांना माहीत आहे का तुम्ही हे करताय?"

"न्हाय."

"का?"

बसण्णा खिडकीबाहेर बघायला लागला.

सकाळी आम्ही पेटी नावेत चढवली. ट्रकची बॅटरी, मांडववाल्याकडून आणलेला अँप्लिफायर, टेप. पेटीखाली ट्यूबचे तुकडे, नावेला हादरा बसू नये म्हणून. नाववाला पहिल्यापासून नाखूष होता. "माजी नाव फुटली तर?" असं दर दोन मिनिटांनी विचारत होता. मठाचे स्वामी काठावर हाताची घडी घालून उभे होते.

बसण्णानं बटण फिरवलं. चाळीत भांडी हलवणारी ती ढोली नदीवर आल्यावर खोकल्यासारखी वाजली. उघड्यावर आवाजाला भिंत नव्हती, तो निघून जात होता. काठावर कुणीतरी हसलं. बसण्णाला हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. मी काहीबाही शास्त्र सांगायला लागलो, तर त्यानं हातानंच मला गप्प केलं. खाली वाकून नावेच्या फळीवर तळवा ठेवला. मग ट्यूबचे तुकडे उपसून फेकले आणि माझ्या मदतीनं पेटी पालथी घातली, तोंड नावेच्या तळाकडे, कोपऱ्यांखाली चार लाकडी ठोकळे. पुन्हा बटण फिरवलं.

या वेळी पेटी वाजली नाही, नाव वाजली. फळ्यांतून, पायांतून ते आमच्या छातीत चढलं. नावेच्या कडेचं पाणी बारीक थरथरायला लागलं. काठावरची माणसं गप्प झाली. बसण्णा उभा राहिला आणि त्यानं डोळे मिटले. त्याला मी डोळे मिटलेलं तेवढं एकदाच पाहिलं.

मग काठावर गडबड उडाली. दोन माणसांच्या आधारानं, एक पाय ओढत, कांबळं पांघरलेला एक म्हातारा येत होता. तोच गुरप्पा. तो लांबूनच ओरडत होता, "कोण वाजवतंय? माजा नगारा कुणाला दिला?"

पाण्याच्या कडेला येऊन त्यानं नावेत पाहिलं. वाजवणारा कुणीच नव्हता. तो ऐकत राहिला. त्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, त्यामुळे रागावलाय की रडतोय ते कळेना.

"हे तर मीच हाय," तो म्हणाला. "हे कवा घेतलंस, तम्मा?" धाकट्या भावाला तो तम्मा म्हणायचा.

"दोन वर्सांमागं," बसण्णा खाली मान घालून म्हणाला. "काठावर कांबळ्याखाली यंतर ठेवलं होतं."

"मला का इचारलं न्हाईस?"

"तू नको म्हणला असतास, अण्णा."

"व्हय. म्हणलोच असतो."

म्हणजे चाळीतला संशय अगदीच खोटा नव्हता. बसण्णा चोरून टेप करत होता. फक्त आमचं बोलणं त्याला नको होतं.

गुरप्पानं शेवटपर्यंत ऐकलं. आणि मग एकदम म्हणाला, "हितं तीन ठोके कुटं गेले?" मी पुढे होऊन सांगितलं की फीत तुटली होती, मी सांधली. म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हे भाऊ आहेत याबद्दल माझी उरलीसुरली शंका फिटली.

"आन् परतीचं?" त्यानं बसण्णाला विचारलं. "हे देव जातानाचं हाय. येतानाची चाल येगळी. ती कुटं हाय?"

बसण्णा रिळाकडे बघायला लागला. रीळ तेवढ्यावरच संपलं होतं. त्याला वाटलं होतं, नगारा तो नगारा.

दुपारी पालखी निघाली. पुढच्या नावेत ढोली, तिच्याशेजारी बसण्णा, आणि गुरप्पानं हट्टानं स्वतःला उचलून नावेत बसवून घेतलेलं. जाताना टेप वाजली. पलीकडच्या काठावरच्या लोकांनी लांबूनच नगारा ओळखला आणि हात जोडले. तिथं आरती झाली. मी अलीकडच्या काठावरून पाहत होतो. आता परत यायची वेळ झाली आणि नाव निघेना. परतीची चाल टेपवर नव्हती, आणि खरा नगारा घरीच राहिला होता. दोघं भाऊ पेटीशी काहीतरी करत होते. मग मला दिसलं, बसण्णा पेटीची मागची फळी उघडून ओंजळी भरभरून कापूस बाहेर काढत होता. नंतर त्यानंच सांगितलं. गुरप्पानं पेटीवर बोट वाजवून पाहिलं होतं आणि म्हणाला होता, "पोट भरल्यालं हाय, बोलणार न्हाय. काढ सगळं."

नाव निघाली. गुरप्पा डाव्या हातानं रिकाम्या ढोलीवर वाजवत होता. उजवा हात त्याच्या मांडीवर पडलेला. उजव्याचं काम बसण्णा करत होता. आयुष्यात कधी नगाऱ्याला हात न लावलेला बसण्णा भावाच्या तोंडाकडे बघत, मागे पडत, चुकत, पुन्हा धरत होता. गुरप्पा नावेतून ओरडत होता, "थांबू नको! चुकलास तरी थांबू नको!" नाव काठाला लागली तेव्हा बसण्णाच्या हाताची कातडी सोलली होती. गुरप्पा म्हणाला, "साकु." पुरे. स्वामींनी दोघांच्याही कपाळाला भस्म लावलं.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीला बसण्णा गावाला जायला लागला. चाळीत मात्र तो होता तसाच राहिला, दार, फट, डोळा. त्याच्याबद्दलची कुजबूज हळूहळू थंडावली. दोन वर्षं गेली, आणीबाणीही गेली. एक दिवस तो म्हणाला, गिरणी सोडली, गावाला चाललो कायमचा. मी त्याला पोचवायला स्टँडवर गेलो. दोन ट्रंका आणि ते गाठोडं. अक्कलकोटची गाडी लागायला वेळ होता. उन्हाळ्याचे दिवस, बाकावर आम्ही दोघंच.

मी म्हणालो, "बसण्णा, त्या अर्जातली ती ओळ. ते मी शाळेत बोललो होतो. तिथून गेलं."

तो समोर बघत म्हणाला, "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"हवालदारानं वाचलं तवाच. पाण्याचं मी तुमालाच इचारलं होतं. नरसम्माला कापसाचं इचारलं होतं, टपरीवाल्याला बॅटरीचं. दर माणसाला येगळं. म्हंजे फुटलं की कळतंय, कुटनं फुटलं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत? आणि गावाला कशाला नेलंत?"

"तुमी सांगताव का, ते बघत हुतो." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "लई येळ लावला, मास्तर."

गाडी लागली. त्यानं ट्रंका स्वतःच चढवल्या, खिडकीची जागा धरली. ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता, इंजिन घरघरत होतं, आणि मी खिडकीखाली फलाटाच्या कडेला उन्हात उभा होतो. क्षमा मागायचे शब्द जुळवत होतो. बसण्णानं खिडकीतून हात बाहेर काढला. मला वाटलं निरोपाचा असेल. त्यानं तो माझ्या डोक्यावर उन्हाच्या आड धरला आणि म्हणाला, "घरी जावा आता. डोस्कं तापलंय तुमचं."

गाडी हलेपर्यंत त्यानं तो हात तसाच धरून ठेवला होता.